राखाडी जोडीची लाल पिल्लं

१

अंड्यातून पहिलं डोकं बाहेर आलं ते लाल होतं, आणि ते बघून देवश्री बोंडे आपल्या सख्ख्या बहिणीला चोर म्हणाली.

मी तिथेच थर्मोकोलच्या डब्यावर वाकून उभी होते. डब्यात ओल्या भुशावर अकरा पांढरी अंडी, एकमेकांना चिकटून एकच गठ्ठा झालेली. कॉर्न स्नेक नावाचा हा साप मूळचा परदेशातला, बिनविषारी, हौशी लोक घरात पाळतात. बोंड्यांच्या दोन्ही मुलींनी नोंदणीचे कागद करून एकेक पाळला होता. देवश्रीची मादी विभूती आणि अनुश्रीचा नर धुआँ. दोघांचाही रंग चुलीतल्या राखेसारखा, पाठीवर गडद ठिपके. हा साप मुळात नारिंगी-लाल असतो, पण ज्याच्या अंगात लाल रंग तयारच होत नाही तो असा राखाडी निघतो. आई राखाडी, बाप राखाडी, तेव्हा पिल्लंही राखाडीच होणार, असं देवश्री दोन महिने सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, सांगत फिरत होती. कौतुक करायला म्हणून मलाही बोलावलं होतं.

दुपारपर्यंत अकरा पिल्लं बाहेर आली आणि अकराही लाल होती.

"हे माह्या विभूतीचे पिल्लं नाहीत," देवश्री म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, ते मला जास्त वाईट वाटलं. "अनूनं अंडे बदलले. त्या साप देणाऱ्या शिशिरकडून लाल सापाचे आणून ठेवले. माह्यं काही चांगलं झालेलं हिले पाहावतच नाही."

अनुश्री दारात उभी होती. त्या घरात सगळे मराठी बोलतात आणि ही लहानपणापासून हिंदीत उत्तर देते. "दीदी, मैंने हाथ भी नहीं लगाया. तू पागल हो गई है क्या?"

"आता या घरात एक तर अनू राहीन, नाही तर मी."

"ठीक है. मैं ही जाती हूँ." अनुश्रीला भिलाईच्या एका शाळेत नोकरी लागली होती. रोज जाऊन-येऊन करणार होती, पण तिथे एका मैत्रिणीच्या खोलीत जागा होती. "इतवार को जा रही हूँ. फिर नहीं आऊँगी."

दोघींचे वडील शालिग्रामभाऊ व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि काहीच बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला. बापानं अशा वेळी बोलायचं नाही तर कधी बोलायचं?

तेवढ्यात देवश्री माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही एकतीस वर्षं रक्तपेढीत होत्या. कोण कोणाचं लेकरू, तुम्हाले समजते. हिनं केलं हे तुम्ही सिद्ध करून द्या."

तो दिवस गुरुवार होता.

२

मी कांता मेश्राम. रायपुरातल्या पुरानी बस्तीत बोंड्यांचं आणि माझं घर लागून आहे, मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांची भांडणं मला आमंत्रणाशिवाय ऐकू येतात. या दोन पोट्टींचं भांडण सापाचं नाही हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आई गेली तेव्हा देवश्री वीस वर्षांची होती आणि अनुश्री सतरा. शालिग्रामभाऊंनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रजा काढून धाकटीचा बारावीचा डबा केला, तिला सायकलवरून क्लासला सोडलं, तिच्या तापात रात्रभर बसले. थोरली मोठी होती, तिचं तिनं केलं. कोणी तिला विचारलं नाही आणि तिनंही कोणाला सांगितलं नाही, फक्त मोजत राहिली. मी हे ओळखते, कारण मीही मोजलेलं आहे. माझी धाकटी बहीण चेतना, आईची लाडकी. साठी उलटली तरी माझं मोजणं संपलेलं नाही. म्हणून सांगते, देवश्रीला पिल्लांचा रंग बघायचाच नव्हता. तिला एकदा तरी बापानं आपली बाजू घेतलेली बघायची होती.

शालिग्रामभाऊ माणूस तसा वाईट नाही. बाहेरगावाहून येताना शेजाऱ्यासाठी काहीतरी आणल्याशिवाय हा माणूस घराचा उंबरा ओलांडत नाही. आपल्या विदर्भातल्या माणसांची ती खोडच आहे, रायपुरात दोन पिढ्या काढल्या तरी जात नाही. दोन वर्षांपूर्वी तर एकाच आठवड्यात त्या घरातून मला दोनदा संत्रा बर्फी मिळाली आणि मी दोन्ही वेळा संपवली. साखर इतकी वाढली की डॉक्टर माझ्यावर ओरडला. त्याच उन्हाळ्यात ते पंखा पुसताना स्टूलावरून पडले आणि तेव्हापासून लंगडतात.

शुक्रवारी सकाळी मी मुलींच्या खोलीत गेले. दारातून आत पाय टाकला की अनुश्रीची काचेची पेटी गुडघ्याला लागते, तिवईवर ठेवलेली. देवश्रीची पेटी मात्र समोरच्या भिंतीशी, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर. स्टूल घेतल्याशिवाय तिथे हात पोचत नाही.

"एवढ्या उंच काहून ठेवली?"

"पयल्या दिवसापासून तिथंच आहे. कोणी हात नको लावाले."

कोणी म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. देवश्रीनं विभूतीला खाली काढलं. मादी खरंच देखणी होती. राखाडी अंग आणि गळ्याला पिवळी झाक, हळद लागल्यासारखी.

"वर्षभरानं आला हा पिवळा," देवश्री म्हणाली. "लहानपणी दोघंही सारखेच होते. धुआँले अजून आला नाही. जसा होता तसाच आहे बिचारा." तो 'बिचारा' तिनं चवीनं म्हटला.

मी अंड्यांची टरफलं मागितली. प्रत्येकावर पेन्सिलीनं एक ठिपका आणि आकडा होता.

"हे कोणी केलं?"

"मीच. सापाचं अंडं फिरवाचं नसते, आतलं पिल्लू मरते. म्हणून वरच्या बाजूले खूण करून ठेवाची."

"अन् घातले त्या दिवशीचा फोटो?"

फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता. मी चष्मा लावून गठ्ठा बघितला. चार नंबरचं अंडं सातच्या खाली दबलेलं, नऊ नंबरच्या टोकाला खळगा. भुशातली टरफलं अजूनही तशीच चिकटलेली होती. चार सातच्या खाली आणि नऊला खळगा.

"देवश्री, हे अंडे एकमेकाले चिकटले की सुटत नाहीत. सोडवाले गेलं तर फाटतात. तुह्या अक्षरातले आकडे, तोच गठ्ठा, तोच खळगा. अंडे कोणी बदलले नाहीत."

तिचा चेहरा पडला. पण मत्सर एका उत्तरानं थोडाच हटतो. "मंग तिनं शिशिरचा लाल नर आणून विभूतीजवळ सोडला असन."

"पेटीले कुलूप आहे. किल्ली कोणापाशी असते?"

तिचा हात आपोआप गळ्यातल्या साखळीकडे गेला. फेब्रुवारीत जोडी लावायची ठरली तेव्हापासून तिनं हे कुलूप घातलं होतं. धुआँला तिनं स्वतः तीन वेळा आत सोडलं आणि स्वतः बाहेर काढलं. त्याआधी विभूती कोणत्याही नराजवळ गेलेली नव्हती, पिल्लू असल्यापासून एकटीच वाढली होती.

म्हणजे अंडी खरी होती, आई खरी होती आणि बापही खरा होता.

"तरी पिल्लं लाल," देवश्री म्हणाली. "असं होतच नाही, काकू."

होतं. मी एकदा पाहिलं होतं.

३

मी नोकरीला लागून सातेक वर्षं झाली असतील, तेव्हा एक जोडपं आमच्याकडे आलं होतं. नवरा-बायको दोघंही जन्मापासून बहिरे. त्यांना मुलगा झाला तो ठणठणीत ऐकणारा. सासूनं सुनेला घराबाहेर काढायची तयारी केली होती. तेव्हा आमच्या मोठ्या डॉक्टरांनी सासूला समोर बसवून समजावलं, आणि ते मी जन्मभर विसरले नाही. ते म्हणाले, आजी, एका घरी पीठ नाही आणि दुसऱ्या घरी तवा नाही. दोन्ही घरी भाकर होत नाही. पण या घरचं पीठ आणि त्या घरचा तवा एकत्र आला की भाकर होते. तुमच्या मुलाचा दोष वेगळा, सुनेचा वेगळा. लेकराला एकाकडून एक चांगलं मिळालं आणि दुसरीकडून दुसरं.

रंगाचंही तसंच असणार. लाल रंग अंगात यायला एकापेक्षा जास्त गोष्टी लागत असतील. विभूतीत एक नसेल आणि धुआँत दुसरीच. वरून दोघंही राखाडी, आतून मात्र दोन वेगळ्या तऱ्हेचे राखाडी. एवढं शिशिरकडून पक्कं करून घेतलं की संपलं, असं मला वाटत होतं.

शिशिर वैद्य भनपुरीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करतो आणि ऑफिसच्या वरच्या खोलीत साप पाळतो. रायपुरात कोणाला कॉर्न स्नेक हवा असला की त्याचंच नाव निघतं. खाली ट्रक मागे-पुढे होत होते आणि वर हा पोट्टा पेट्यांच्या रांगेत शांत बसला होता. मी सांगितलं ते ऐकून त्याला हसू आलं, आणि त्याला ते लपवताही आलं नाही.

"ग्यारह के ग्यारह लाल?"

"तुले बरं वाटून राहिलं."

तो ओशाळला. "झूठ नहीं बोलूँगा काकू. ग्रे सिर्फ़ मेरे पास थे पूरे शहर में. देवश्रीनं जोडी लावली तर मी जळलोच थोडा. लेकिन मैंने कुछ किया नहीं है."

त्याच्यावर माझा विश्वास बसला. खोटं बोलणारा माणूस जळण्याची कबुली आधी देत नाही. मी त्याला पीठ-तव्याची गोष्ट सांगितली. तो लगेच सरसावून बसला.

"हव, बरोबर आहे. दो तरह का ग्रे होता है. लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात. एक का गला बड़ा होके पीला पड़ता है, दूसरे का ज़्यादातर पड़ता ही नहीं. और दोनों को मिलाओ तो बच्चे सब लाल."

"मंग सुटलं. विभूती पिवळ्या गळ्याची, धुआँ बिनपिवळा."

शिशिरनं मान हलवली. "नाही सुटलं काकू. दोनों मैंने दिए थे. दोघं सख्खे भाऊ-बहीण आहेत, एकाच गठ्ठ्यातले. माँ-बाप दोनों पीले गले वाले, मेरे पास आज भी हैं. धुआँ का गला पीला होना ही चाहिए."

"चुकून दुसरं पिल्लू गेलं असन तुह्याकडून."

"दुसऱ्या तऱ्हेचा ग्रे माझ्याकडे कधीच नव्हता." त्यानं मोबाइल काढला. तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधला, पिल्लं सोपवल्या दिवशीचा फोटो. दोन तळहातांवर दोन राखाडी पिल्लं, मागे दोन्ही मुलींचे हसरे चेहरे. एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून हसत होत्या, हे बघून मलाच चुकल्यासारखं झालं.

"हे पाहा," शिशिर म्हणाला. "धुआँच्या पाठीवर मानेपासून तिसरा आणि चौथा ठिपका जुडा हुआ है. आठच्या आकड्यासारखा. रंग प्रत्येक कातेला बदलतो काकू, फिका होतो, गडद होतो. पर ठिपक्यांची जागा मरेपर्यंत बदलत नाही."

मी सकाळीच त्या पेटीजवळ वाकले होते. साप नीट पाहिला होता.

त्याच्या पाठीवर आठचा आकडा नव्हता.

४

शनिवारी दुपारी अनुश्री बॅग भरत होती. मी तिच्या पलंगावर बसले.

"धुआँच्या काती ठेवल्या आहेस का तू?"

तिनं मान हलवली. कपाटातून एक प्लॅस्टिकची फाइल काढली, शाळेची प्रमाणपत्रं ठेवतात तसली. प्रत्येक कप्प्यात एक वाळलेली कात, कोपऱ्यात तारीख. बाकीच्या पोरी वाळलेली फुलं ठेवतात, ही कातडी ठेवत होती. मी एकेक कात खिडकीच्या उजेडात धरली. राखाडी सापाच्या कातेवर ठिपक्यांची फिकट सावली उतरते.

पहिल्या कातेवर आठचा आकडा होता. दुसरीवर होता. असं करत करत ३० एप्रिल २०२३ च्या कातेपर्यंत होता. त्यानंतरची कात १० जूनची. त्यावर तिसरा ठिपका वेगळा आणि चौथा वेगळा.

अनुश्रीनं दोन्ही काती माझ्या हातून घेतल्या आणि एकावर एक ठेवून बघितल्या.

"काकू, तो मेरा धुआँ कहाँ है?"

त्या वेळी मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही. डोकं तारखांत अडकलं होतं. "एप्रिल-जूनमध्ये तुम्ही दोघी कुठं गेल्या होत्या?"

"मामाच्या मुलीची शादी. नागपुर. बारह मई से इक्कीस मई." तिला आठवायला वेळ लागला नाही. "बाबा नहीं आए थे. मामा से उनकी बात बंद है. बोले, मैं घर पे रहता हूँ, साँपों को पानी दूँगा."

मी घरी आले आणि माझी साखरेची वही काढली. डॉक्टरनं लावलेली सवय आहे, रोजचा आकडा आणि वाढला तर कारण. चोपन्न पानं मागे गेले आणि सापडलं. १९ मे, दोनशे दहा, संत्रा बर्फी. २१ मे, दोनशे चाळीस, संत्रा बर्फी.

एकवीसची बर्फी मुलींनी आणली होती. एकोणीसची शालिग्रामभाऊंनी दिली होती, त्याच नागपूरच्या दुकानाच्या डब्यात. जुन्या सोबत्यानं पाठवली, असं म्हणाले होते, आणि मी बर्फीकडे बघत होते, त्यांच्या चेहऱ्याकडे नाही. मुली नागपुरात मांडवात मिरवत असताना हा माणूस गुपचूप त्याच गावात जाऊन आला होता. कोणाला कळू द्यायचं नव्हतं. तरी येताना शेजारणीसाठी डबा घेतल्याशिवाय त्याला राहवलं नव्हतं.

मग पंधरा-सोळा मेच्या पानांकडे बघितलं. तिथे आकडाच नव्हता, फक्त लिहिलं होतं, लाइट नाही. तेव्हा आमच्या पाऱ्याचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. दोन दिवस मी स्वतः ओला पंचा डोक्यावर घेऊन जिन्यात बसून काढले होते.

वही मिटली तेव्हा मला सगळं कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं. कारण देवश्रीनं मागितलेलं उत्तर माझ्यापाशी होतं, पण त्या उत्तरात गुन्हेगार तिचा बाप होता.

५

रविवारी सकाळी अनुश्रीची बॅग दाराशी होती. मी तिघांनाही मुलींच्या खोलीत बसवलं. शालिग्रामभाऊ पलंगाच्या कडेला टेकले. मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि बाजूला दोन काती.

"भाऊ, बर्फी चांगली होती. आता सांगा."

त्यांनी वही बघितली. मग काती बघितल्या. नाकारतील अशी मला थोडी आशा होती. त्यांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

"सोळा तारखेले गेला तो," ते म्हणाले. "दुपारी ही खोली भट्टी झाली होती. लाइट नाही, पंखा नाही. दोघंही पेटीत तडफडून राहिले होते. म्हटलं, मोरीत थंड फरशीवर नेऊन ठेवतो, ओले पोते टाकतो. पेट्या जड. एका वेळी एकच उचलता येत होती. एक नेली, अन् तिथंच मले चक्कर आली. गुडघ्यात ताकद नव्हती. किती वेळ बसून राहिलो माहीत नाही. दुसरीले परत आलो तर..." पुढचं त्यांनी हातानं सांगितलं.

"आप फ़ोन कर देते," अनुश्री म्हणाली.

"लग्नात होती तू. मेंदी लावलेला फोटो पाठवला होता त्याच दिवशी. काय सांगू? पार्सलच्या एका जुन्या माणसाले विचारलं, त्यानं नागपुरातला एक विकणारा सांगितला. म्हटलं नर पाहिजे, राखाडी पाहिजे, हातभर पाहिजे. तो म्हणे, आहे. राखाडी तो राखाडी, मले काय ठाऊक त्यातही दोन असतात म्हणून." ते धाकटीकडे बघत होते. "मी तुह्या सापाले मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं, बेटा. रोज पाणी घालतो त्याले."

देवश्रीच्या चेहऱ्यावरचं मी वाचत होते. बहीण चोर नव्हती, हे तिला आधीच कळलं होतं. तिचं लक्ष आता दुसऱ्याच गोष्टीकडे होतं, आणि अनुश्रीचंही तिकडेच गेलं.

"बाबा," अनुश्रीनं विचारलं, "पहले किसका उठाया?"

"जो दाराजवळ होता तो."

"दरवाज़े के पास तो मेरा रहता है."

शालिग्रामभाऊंचे हात गुडघ्यावर गेले.

मी देवश्रीला बघत होते. तिनं वर कपाटाकडे बघितलं, जिथे पहिल्या दिवसापासून तिची पेटी होती. मग कोपऱ्यातल्या स्टूलाकडे बघितलं. मग बापाच्या गुडघ्याकडे, ज्यानं तो माणूस त्या मे महिन्यापासून लंगडत होता. पंखा पुसताना पडलो, असं सगळ्यांना सांगत होता. मी जे जोडलं होतं तेच तिनं जोडलं. दाराशी हाताला लागणारी पेटी सोडून, त्या उन्हात हा माणूस खोली ओलांडून स्टूलावर चढला होता. थोरलीचा साप उतरवताना पडला होता, आणि तशा पायानं तो मोरीत नेला होता. लाडकीचा खाली होता, तो मेला.

सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते तिच्या हातात आलं होतं. एक वाक्य बोलायची देर होती. तिच्या जागी मी असते तर गच्चीवर जाऊन ओरडले असते, चेतनाला नागपूरपर्यंत ऐकू गेलं असतं.

"त्या वेळी माहा होता दाराजवळ," देवश्री म्हणाली.

अनुश्रीनं तिच्याकडे बघितलं.

"निघाच्या दिवशी मीच खाली ठेवला होता. बाबाले पाणी बदलाले सोपं जाईन म्हणून. तुहा वर ठेवला होता कपाटावर, तू आंघोळीले गेली होती तेव्हा." ती न अडखळता बोलत होती. "मीच केलं ते, अनू. अन् वरून तुले चोर म्हटलं."

शालिग्रामभाऊंनी मान वर केली आणि थोरल्या मुलीकडे बघितलं. त्या घरात मी त्यांना असं बघताना पहिल्यांदा पाहत होते. बराच वेळ बघत राहिले. अनुश्री रडत होती, तिनं ते बघितलं नाही.

बॅग दाराशीच राहिली, मग संध्याकाळी कधीतरी आत गेली. जाण्याआधी मी त्यांना पिल्लांचं समजावून सांगितलं. या अकरांच्या अंगात आईचाही राखाडी लपलेला आहे आणि बापाचाही. आज दिसत नाही, यांच्या पिल्लांत पुन्हा निघेल. तेव्हा भांडू नका म्हणजे झालं. देवश्रीनं डबा बहिणीपुढे सरकवला. "आधी तू निवड." त्या घरात हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. अनुश्रीनं सगळ्यात बारकं उचललं आणि त्याचं नाव लगेच ठेवलं नाही.

मला सोडायला देवश्री दारापर्यंत आली.

"काकू, तुम्हाले समजलं ना?"

"काय?"

"काही नाही." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "मले माहीत आहे. बस. तेवढं पुरे आहे."

मी माझ्या घरात आले, कुलूप काढलं, वही जागेवर ठेवली. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्या पोट्टीचा फार हेवा वाटला. माझी आई जाऊन एकवीस वर्षं झाली. तीही कधी माझ्यासाठी स्टूलावर चढली होती का, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही.